आक्काच्या शेगडीवर चाललेली मोटार

आक्का, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले, आणि शिवऱ्याचा तो व्यापारी उद्या सकाळी पुन्हा येणार आहे. मोटारही घेतो म्हणतो, आपल्या जत्रेतल्या पाळण्याचं लाकूडही घेतो म्हणतो. खांब त्याला दारांच्या चौकटींना हवेत. परवा आपल्या किकवीच्या अंगणात उभं राहून त्यानं बोटानं टकटक करून खांब वाजवले, आणि मी आपला खांबासारखाच उभा. तू असतीस तर चहा पाजून, गोड बोलून त्याला हात हलवत परत पाठवलं असतंस. मला गोड बोलता येत नाही. मला एक तर ओरडता येतं, नाहीतर गप्प बसता येतं. ओरडायला आता समोर तू नाहीस.

म्हणून लिहायला बसलोय. चौथी पास माणसाचं लिहिणं आहे, हसू नकोस. उद्या त्या माणसाला हो म्हणायचं की नाही, ते मला ठरत नाही. आणि तुझ्याविना पाळणा घेऊन जत्रेला निघायला जीव धजत नाही, त्याचं कारण नुसतं दुःख नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीन वर्षं ती माझ्या घशात अडकली आहे. आधी तीच सांगून टाकतो, म्हणजे मागेपुढे करायला जागा राहायची नाही. वेल्ह्याच्या वाटेवर मोटार बंद पडली, ती तुझ्या गोळ्यांनी पडली नव्हती. माझ्यामुळे पडली होती.

हुश्श. लिहिलं बुवा एकदाचं.

दाजींनी हा पाळणा स्वतःच्या हातानं केला. बसायच्या चार पेट्या, दोन खांब, मधला फिरता आस, सगळं सागाचं. तो बैलगाड्यांवर चढवून ते जत्रा करायचे. वीर, वाई, फार तर सातारा. ते गेल्यावर लोकांनी तुला सांगितलं, बाई, पाळणा मोडीत काढ आणि भावाकडं सुखानं राहा. तू म्हणालीस, "भाऊबी हितंच येऊन ऱ्हाईल आन् पाळनाबी फिरंल." मी तेव्हा पुण्याहून मोटार चालवायला शिकून आलो होतो. नवा डायवर. खाकी टोपी घातल्याशिवाय परसाकडंही जात नव्हतो, असं तूच गावभर सांगायचीस. मीच तुझ्या मागं लागलो की बैल वीक, लॉरी घेऊ, पार कराड-मिरजेपर्यंत धडक मारू. तू बैलांच्या कपाळाला कुंकू लावलंस, त्यांना वाटेला लावलंस, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी लॉरीलाही कुंकू लावलंस.

चार वर्षं झकास गेली गं. सारोळ्याचा पूल ओलांडला की तू पुढच्या बाकावर पदर खोचून बसायचीस आणि नीरेला हात जोडायचीस. मला म्हणायचीस, "हळू हाक रं, नदी काय पळून चालली न्हाई." मिरजेच्या पोरांनी पाळण्यात बसताना तुला "पाळणामावशी" नाव ठेवलं तेव्हा तू आठवडाभर मोठ्या ऐटीत होतीस.

मग लढाई लागली. आधी पेट्रोलचा भाव चढला, मग पेट्रोलच मिळेना, मग कूपन आलं. मिरज सुटली. पुढच्या साली कराड धरून ठेवलं, पण तेही कसं, डबे उसने करून. मी रोज टाकीत काठी घालून बघायचो आणि तू माझ्या पाठीमागून बघायचीस. "बैलं कडबा खात व्हती, पर शेन तरी देत व्हती. तुझी मोटार खाती समदं आन् देती काय? धूर!" मला असा राग यायचा की काय सांगू. कारण तुझं खरं होतं, आणि बैल विकायला मीच लावले होते.

पुण्याच्या मिस्त्रीनं मग मोटारीच्या पाठीला ते लोखंडी पिंप बसवून दिलं. त्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात जातो आणि मोटार चालते, पेट्रोल लागत नाही. मिस्त्री त्याला 'प्लँट' म्हणायचा. मीही ऐटीत 'प्लँट' म्हणायला लागलो. तू येऊन पिंपाभोवती एक फेरी मारलीस, खालचं दार उघडून आत डोकावलीस आणि तोंडावर पदर धरून हसलीस. "अगं बया! ही तर शेगडीच की रं भिवा!" झालं. त्या दिवसापासून सगळा भोर तालुका तिला शेगडीची मोटार म्हणायला लागला. मी ज्याला त्याला 'प्लँट' म्हणून सांगायचो, लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "व्हय व्हय, पर शेगडी पेटली का?"

पेटत नव्हती ना! आता कबूल करायला काय हरकत आहे. माझ्या हातून ती धड पेटायचीच नाही. मी भसाभस कोळसा ओतायचो, पंख्याचं हँडल गरागरा फिरवायचो, डोळ्यांत पाणी, तोंड काळं, आणि गॅसचा पत्ता नाही. तू चार दिवस बघितलंस आणि पाचव्या दिवशी मला बाजूला सारलंस. आधी चार बारीक निखारे, त्यावर मध्यम, मग मोठे. हवा हळूहळू. "धसमुसळ्यावानी करू नगंस. ती काय तुझ्या बापाची चाकर हाय? तिला जरा दम खाऊ दे." पंधरा मिनिटांत नळीच्या तोंडाशी निळी जोत उभी राहिली. मोटार सुरू झाली तेव्हा पाळणा फिरवणारे आपले दोन्ही गडी टाळ्या वाजवायला लागले. मी म्हणालो, "वाऱ्याची दिशा चांगली होती." तू म्हणालीस, "व्हय बाबा, वाऱ्याचीच."

मोटार माझी, पण पेटवायची तू, असं ठरून गेलं. गॅस गाळायला एक पेटी होती, तिच्यात कापड असायचं, कोळशाची काजळी त्यावर अडायची. ते कापड रोज झटकायचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुवायचं. ते माझं काम. मिस्त्रीनं मला चार-चारदा बजावलं होतं.

मग कोळसाही महागला. महागणारच, सगळ्यांच्या मोटारी कोळसा खायला लागल्या. पुण्यात पोतं विचारायची सोय राहिली नाही. तूच म्हणालीस, जिथं कोळसा पाडत्यात तिथंच जाऊ. वेल्ह्याकडं, वर डोंगरात, धनगरवाड्यावर ठकूबाई म्हणून एक बाई होती, तिच्या माणसांची कोळशाची भट्टी होती. कराडच्या जत्रेला आठ दिवस होते. पाळणा मोटारीवर चढवूनच आपण निघालो, म्हणजे कोळसा भरून तसंच कराडला जाता येईल.

त्याच्या आधी महिनाभर तू काय करत होतीस ते मला दिसत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. पोत्याच्या तळाला चुरा उरतो, तो पिंपात चालत नाही, मी फेकून द्यायचो. तुझा जीव तुटायचा. घरच्या शेगडीला बायका करतात तसं तू त्या चुऱ्यात शेण आणि थोडी माती कालवून लाडवाएवढे गोळे वळलेस, अंगणात ओळीनं वाळवलेस, आणि दोन पोती भरलीस. महागाईवर तुझा हा तोडगा. निघायच्या दिवशी तू पिंपात वर कोळसा आणि मधे मधे गोळे घातलेस, मला न सांगता. मला सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो, म्हणून सांगितलं नाहीस. बरोबर?

मार्गासनी गाव सोडून चढ लागला आणि मोटार खोकायला लागली. चार आचके दिले आणि बंद. मी खाली उतरलो, पिंपाचं दार उघडलं, तर आत ही राख! शेणाची पांढरी राख, आणि मातीचे खडे झालेले. माझं डोकंच फिरलं. गडी उभे, वाटेनं चाललेली ठकूबाईच्या वाडीतली माणसं उभी, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका उभ्या, आणि मी तोंड सोडलं. "चूल आन् मोटार ह्यातला फरक कळंना का तुला? शेन घातलं इंजिनात! घालिवली का न्हाई कराडची जत्रा?" आणखी बरंच बोललो. ते लिहीत नाही. तुला पाठ असेल.

तू हातातला गोळा बघत राहिलीस. मग म्हणालीस, "चुकलं बाबा माझं." एवढंच.

मोटार हलकी करायची म्हणून पाळणा उतरवला. ढकलून बघितली, हलेना. मी रागारागानं बांधावर जाऊन बसलो. इकडे वाडीतली पोरं उतरवलेल्या पेट्यांभोवती जमली होती. एका पोरीनं विचारलं, "ह्यात निजत्यात का?" तू तिच्याकडे बघितलंस, डोळे पुसलेस, आणि गड्यांना म्हणालीस, "उभा करा."

अगं, वेड लागलंय का, मी बांधावरून ओरडलो. तू ऐकलं नाहीस. माळावर खड्डे खणले, खांब उभे राहिले, पाळणा फिरायला लागला. त्या वाडीवर कधी जत्रा भरली नव्हती, पाळणा कुणी बघितला नव्हता. म्हातारी माणसं पागोटी काखेत मारून पेटीत बसली. एक आजोबा वर गेल्यावर "धरनी बघा, धरनी!" म्हणून जे ओरडायला लागले ते उतरेचनात. पैसे कुणाजवळ होते? तू म्हणालीस, "पैसं ऱ्हाऊ द्या. कोळसा आना." एक टोपली कोळसा आणि दहा फेऱ्या. तासाभरात पोरं टोपल्या, फडकी, कुंच्या भरभरून कोळसा आणायला लागली. हात काळे, तोंडं काळी, पाळण्याच्या पेट्या काळ्या. सूर्य मावळेपर्यंत तुझ्यापुढं कोळशाचा ढीग लागला होता.

आणि मी काय करत होतो? चारच्या सुमाराला मला आठवण झाली ती गाळणीच्या पेटीची. उघडली. कापड काजळीनं असं भरलं होतं की जाड चामडं झालं होतं. पाच दिवस मी ते झटकलंही नव्हतं. गॅसच जात नव्हता आत, इंजिन गुदमरलं होतं. तुझ्या गोळ्यांनी राख वाढवली असेल, पण मोटार थांबवली ती ह्या कापडानं. मी ते काखेत लपवून ओढ्यावर नेलं, घासून धुतलं, वाळवलं, गुपचूप परत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू शेगडी पेटवलीस आणि मोटार पहिल्या फटक्यात सुरू झाली. गडी म्हणाले, कसं काय? मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेणाचे गोळे काढले, झाली चालू."

माझी जीभ कशी झडली नाही!

तू दोन्ही पोती उचललीस आणि महिनाभर वळलेले ते सगळे गोळे बांधाखाली ओतून दिलेस. मी बघत होतो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते कापड तूच रोज धुवायला लागलीस, मी उठायच्या आत. मला वाटायचं, माझ्या बोलण्याचा धसका घेतलास, प्रायश्चित्त घेतेयस. मला तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी जास्तच खेकसायचो. तू तो किस्सा स्वतःच रंगवून सांगायचीस, "म्या मोटारीला शेन चारलं" म्हणून, लोक पोट धरून हसायचे, आणि मी तंबाखू मळायच्या निमित्तानं उठून जायचो.

पण त्यानंतरची तीन सालं, आक्का, काय सालं होती! लांबच्या जत्रा सुटल्या आणि जवळच्या वाड्या मिळाल्या. भोरकडच्या वाड्या, वेल्ह्याच्या वाड्या. जिथं बाजार नाही, जत्रा नाही, तिथं आपण जायचो, दोन दिवस पाळणा लावायचो आणि मोटारीचं पोट त्याच गावच्या कोळशानं भरून पुढं निघायचो. अख्ख्या मुलखाच्या मोटारी कोळशाला महाग झालेल्या, आणि आपल्याला लोक वाटेत थांबवून पोतं द्यायचे. चढ आला की गावकरीच ढकलायचे. तू वरून "लावा जोर!" म्हणून ओरडायचीस. ज्या पोरीनं ह्यात निजतात का विचारलं होतं, ती आता पाळण्यात उभी राहून गाणं म्हणते. पण तेव्हाही मी मनात घोकत होतो, लढाई संपू दे, पेट्रोल सुटू दे, मग बघ. मला माझी मिरज परत हवी होती.

म्हणून तर तुझ्या शेवटच्या तापाच्या दुसऱ्या दिवशी मी धावत आलो. म्हटलं, लढाई संपली, कूपन सैल झालं, आता पेट्रोल मिळणार, पिंप काढून टाकू, माघात मिरजेला जाऊ. तू डोळे उघडलेस. "आन् वाडीतल्या पोरान्ला काय सांगायचं?" मी म्हणालो, "त्यांना काय सांगायचंय? त्यांनी काय करार केलाय?" तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. मला वाटलं, ताप उतरला की भांडू. भांडायला खूप वेळ आहे असंच वाटत होतं.

एवढं लिहून काल थांबलो होतो. आता पुढचं लिहितो, कारण आज बरंच काही घडलं.

सकाळी व्यापाऱ्याच्या आधी ठकूबाई आली. डोंगर उतरून, तिच्या लेकाला आणि दोन पोती कोळशाला घेऊन. तिला तुझी बातमी चौदा दिवसांनी कळली होती. उंबऱ्यात बसून ती खूप रडली, मग पाणी प्यायली, मग म्हणाली, "पाळना कंदी येनार वर?" मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, विकतोय. आणि का कोण जाणे, तुला लिहिलेलं तिलाही सांगावंसं वाटलं. म्हटलं, ठकूबाई, त्या दिवशी गोळ्यांची चूक नव्हती. माझी होती. म्या आक्कावर ढकलली.

ठकूबाईनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "आरं, ते म्हाईत हाय की मला. म्या वड्यावर पानी भरीत व्हते. तू काळं फडकं धूत व्हतास, म्या बगितलं. तवाच येऊन आक्काबाईला सांगितलं."

आक्का, मी ओट्यावर बसलो. म्हटलं, काय म्हणाली ती?

"म्हनली, ठकू, कुनाला सांगू नगंस. गोळं तर म्या घातलंच व्हतं. आन् त्यो डायवर हाय. चार मानसांत त्याचा मान गेला तर गाडी कोन हाकंल? माजं काय, म्या हसून नेईन. येक दिस त्योच सांगंल मला."

एक दिवस तोच सांगेल! तीन वर्षं तू रोज पहाटे ते कापड धूत होतीस ते प्रायश्चित्त नव्हतं तर. माझ्या हातून पुन्हा चूक होऊ नये आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून धूत होतीस. आणि रोज वाट बघत होतीस. तापातसुद्धा बघत असशील. मी ओट्यावर बसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो, आणि ठकूबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "रड बाबा, रड. पर मंग ऊठ."

व्यापारी आला तेव्हा मी त्याला चहा पाजला. गोड बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पण ओरडलोही नाही. म्हटलं, मालक, खांब गुंतलेले आहेत. पाळणा लागायचाय वेल्ह्याला. तो म्हणाला, आता पेट्रोल मिळतंय, तर तिकडं आडरानात कशाला मरता? मी म्हणालो, मिरजेलाही जाईन की, आधी वाडीवर जाऊन मग. ती पोरं तीन वर्षं कोळसा आणतायत.

दुपारी निघालो. शेगडी मी पेटवली. तू सांगितलं होतंस तशी, बारीक, मध्यम, मोठे, आणि हवा हळू. पंधरा मिनिटांच्या जागी पाऊण तास लागला, पण पेटली. ठकूबाई पुढच्या बाकावर बसली, गडी मागं. आज हे लिहितोय ते नसरापुराच्या पुढं, रस्त्याच्या कडेला, शेगडी पुन्हा दम धरेपर्यंत मोटारीच्या सावलीत बसून. कारण पहिल्याच चढाला मोटारीनं आचके दिले आणि बंद पडली. गडी खाली उडी मारून आले. दहा-बारा माणसं वाटेवर जमली. गड्यांतला थोरला म्हणाला, "कोळसा वला असंल. ठकूबाईनं वला कोळसा आनला." ठकूबाईचं तोंड उतरलं.

मी झाकणं उघडून बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणालो, "कोळसा चांगला हाय. चूक माझी हाय. नळीचा बोल्ट म्या ढिला ठेवला. थांबा जरा, बसवतो."

एवढं बोलायला किती वेळ लागतो, आक्का? बोल्ट आवळायलासुद्धा त्याहून जास्त लागला.